ऑगस्टातला आकडा

जुलै संपत आला की आमच्या घरात एक प्रश्न ठरलेला असतो. बायको चहाचा कप समोर ठेवते आणि विचारते, "काय रे, यंदा किती?" एखादा पाहुणा घरी असला तर त्याला वाटतं पगारवाढीबद्दल चाललंय. चाललेलं असतं डेट्रॉईट लायन्सबद्दल.

आधीच सांगून टाकतो, हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. चेंडू लंबगोल, खेळ बराचसा हातानं, आणि अंगावर चिलखत घातल्यासारखे धिप्पाड गडी. मीसुद्धा भारतातून इथे आलो तेव्हा "याला फुटबॉल का म्हणतात?" हा प्रश्न प्रत्येकाला विचारून झाला होता. कोणी धड उत्तर दिलं नाही. मग मी विचारणं सोडलं आणि बघायला लागलो.

मी १९९८च्या डिसेंबरात मिशिगनला आलो. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात डिझाईनचं काम होतं. तिथल्या टूलरूमचा फोरमन हा माझा या विषयातला गुरू. जन्म डेट्रॉईटचा, आजोबा पोलंडहून आलेले, माणूस मोजकं बोलणारा. त्याचा एक नेम होता. ऑगस्टात सरावाचा पहिला सामना व्हायच्या आत जॉबकार्डाच्या पाठकोऱ्या बाजूला एक आकडा लिहायचा: यंदा लायन्स किती सामने जिंकणार. चिठ्ठीची घडी घालायची आणि ड्रिल ठेवायच्या पत्र्याच्या डबीत टाकायची. डबी जानेवारीत उघडायची. पैज नाही, काही नाही. १९९९ साली त्यानं माझ्यापुढे एक कोरं कार्ड सरकवलं आणि म्हणाला, "लिही." तेव्हापासून दरवर्षी लिहितोय. यंदाची चिठ्ठी अठ्ठाविसावी. परवा जुन्या सगळ्या चिठ्ठ्या काढून वर्षांप्रमाणे लावल्या, आणि हे सगळं लिहावंसं वाटलं.

पहिल्याच चिठ्ठीची गंमत सांगतो. त्या वर्षी २७ जुलैला, सरावशिबिर सुरू व्हायच्या तोंडावर, बॅरी सँडर्सनं निवृत्ती जाहीर केली. चेंडू घेऊन पळणारा असा माणूस या खेळात क्वचितच झाला असेल. दहा हंगामांत १५,२६९ यार्ड. वॉल्टर पेटनचा विक्रम फक्त १,४५७ यार्ड लांब, म्हणजे बॅरीच्या हिशेबानं एका हंगामाचं काम. आणि या बाबानं आपल्या गावच्या, विचिटाच्या, वर्तमानपत्राला एक फॅक्स पाठवला आणि विषय संपवला. मी येऊन जेमतेम सात-आठ महिने झालेले. माझाच पायगुण म्हणायचा! आता काय उरलं, असं म्हणून मी चिठ्ठीवर ३ लिहिले. लायन्सनी ८ जिंकले आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, गेले. फोरमननं ७ लिहिले होते. डबी उघडली तेव्हा माझी चिठ्ठी बघून तो एवढंच म्हणाला, "तुला १९५७ माहीत नाही."

तर १९५७.

त्याआधी थोडं मागे जायला हवं. हा संघ मुळात डेट्रॉईटचा नव्हेच. ओहायोतल्या पोर्ट्समथ नावाच्या लहानशा गावाचा संघ होता, स्पार्टन्स. महामंदीत गावाला तो परवडेना. १९३४ साली जॉर्ज रिचर्ड्स नावाच्या रेडिओवाल्यानं तो विकत घेऊन डेट्रॉईटला आणला. गावातल्या बेसबॉल संघाचं नाव टायगर्स, म्हणून याचं लायन्स. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सामना ठेवून तो रेडिओवरून देशभर ऐकवायची टूम रिचर्ड्सनी काढली. लायन्स थँक्सगिव्हिंगला खेळतात ही प्रथा तेव्हापासूनची. तो पहिला सामना ते हरले, हेही सांगायला हवं. पण पुढच्याच वर्षी, १९३५ साली, अजिंक्यपद मिळालं. मग १९५२ आणि १९५३, लागोपाठ दोनदा. पन्नासच्या दशकात लायन्स म्हणजे दबदबा होता, हे आज कोणाला खरं वाटणार नाही.

आता १९५७चा ऑगस्ट. हंगामाच्या आधी गावातल्या चाहत्यांसाठी एक मेजवानी होती. प्रशिक्षक बडी पार्कर बोलायला उभे राहिले. दोन अजिंक्यपदं मिळवून देणारा माणूस. लोकांना वाटलं, नेहमीसारखं "यंदा आम्ही जोरात आहोत" वगैरे म्हणतील. पार्कर म्हणाले, हा संघ आता माझ्या हाताबाहेर गेला आहे, मी चाललो. आणि खरंच गेले! सराव चालू, पहिला सामना तोंडावर, आणि प्रशिक्षक नाही. मदतनीस जॉर्ज विल्सन यांच्या गळ्यात माळ पडली. फोरमन तेव्हा बारा वर्षांचा. त्याचे वडील त्या रात्री जेवले नाहीत, असं तो सांगायचा.

पुढे काय झालं ते ऐका. बारांपैकी आठ सामने जिंकले. डिसेंबरात मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, बॉबी लेन याचा पाय मोडला. त्याच्या जागी टोबिन रोट उभा राहिला. सॅन फ्रान्सिस्कोशी बरोबरी झाल्यानं त्यांच्याच मैदानात निर्णायक सामना झाला. मध्यंतराला लायन्स २४-७ असे मागे. म्हणतात की भिंतीपलीकडून सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांचा जल्लोष लायन्सच्या खोलीत ऐकू येत होता. मध्यंतरानंतर आणखी तीन गुण गेले, २७-७. आणि तिथून लायन्स ३१-२७ने जिंकले. आठवड्यानं, २९ डिसेंबरला, डेट्रॉईटमध्ये क्लीव्हलँडला ५९-१४ असं धुतलं आणि अजिंक्यपद. ज्या ऑगस्टात सगळं संपलं असं वाटलं होतं त्या वर्षाचं.

त्यानंतर मात्र आजतागायत एकही नाही. पुढच्याच वर्षी, १९५८च्या ऑक्टोबरात, बॉबी लेनला पिट्सबर्गला देऊन टाकलं. दंतकथा अशी की जाताना तो म्हणाला, हे आता पन्नास वर्षं जिंकायचे नाहीत. खरोखर म्हणाला का, देव जाणे. शाप हे बहुतेक वेळा मागाहून आठवतात. १९६३ साली फोर्ड घराण्यातल्या विल्यम क्ले फोर्ड यांनी संघ घ्यायचा करार केला, तो २२ नोव्हेंबरला, म्हणजे केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी. योगायोगच, पण इथली जुनी मंडळी तो सांगताना आवाज खाली आणतात. १९५७नंतर प्लेऑफमधला विजय किती? २०२३ संपेपर्यंत एक. १९९२च्या जानेवारीत डॅलसला ३८-६ असं हरवलं होतं, तेवढाच. पुढच्याच सामन्यात वॉशिंग्टननं ४१-१० असं घरी पाठवलं.

आणि मग ती पन्नास वर्षं भरली.

२००८ची माझी चिठ्ठी माझ्यासमोर आहे. आकडा ९. आज हसू येतं, पण त्याला कारण होतं. आदल्या वर्षी क्वार्टरबॅक जॉन किटना यानं हंगामाआधीच सांगून टाकलं होतं की दहापेक्षा जास्त जिंकू. लोक हसले, आणि लायन्सनी पहिल्या आठांपैकी सहा जिंकले. शेवटी गाडी सातवर अडली ते सोडा. २००८च्या ऑगस्टात तर सरावाचे चारही सामने जिंकले. नुकतेच सुपर बोल जिंकलेले न्यूयॉर्क जायंट्सही त्यात हरले. नेम मोडून मी त्या वर्षी चिठ्ठी चारही सामने बघून लिहिली. लबाडीच केली म्हणा ना!

सरावाच्या सामन्यांचं गणित तेव्हा मला पुरतं कळलेलं नव्हतं. हे सामने हंगामात धरत नाहीत. तेव्हा चार असायचे, २०२१पासून तीन. प्रत्येक संघ आपले मोहरे झाकून ठेवतो. मुख्य खेळाडू थोडा वेळ दिसतात आणि बाजूला बसतात, कारण दुखापत परवडत नाही. खेळतात ती पोरं, ज्यांची नोकरीच पणाला लागलेली असते. आजकाल नव्वद जणांतून त्रेपन्न ठेवतात, बाकीच्यांना नारळ. म्हणजे आपण बघतो ते नोकरीसाठी घाम गाळणाऱ्यांना. त्यावरून हंगामाचा अंदाज बांधणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं वाढणं बघून संसार कसा चालेल ते सांगणं.

खरा हंगाम सुरू झाला अटलांटात. समोर नवखा क्वार्टरबॅक, मॅट रायन. व्यावसायिक कारकिर्दीतला त्याचा पहिलाच चेंडू, आणि त्यावर ६२ यार्डांचा टचडाऊन. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. ऑक्टोबरात मिनेसोटामध्ये आमचा क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्हस्की मागे पळता पळता मैदानाच्या टोकाची रेघ ओलांडून बाहेर गेला, त्याचे दोन गुण समोरच्यांना मिळाले, आणि सामना १२-१० असा, बरोबर दोन गुणांनी गेला. सोळा सामने, सोळा पराभव. सोळा सामन्यांचा हंगाम असताना असं करून दाखवणारा लायन्स हा पहिला संघ. (२०१७ साली क्लीव्हलँडनं बरोबरी केली. आम्ही पेढे वाटले नाहीत, पण बरं वाटलं.)

त्याच हिवाळ्यात माझी नोकरी गेली. २००९च्या फेब्रुवारीत एका सकाळी आमच्या विभागातल्या निम्म्या लोकांना खोके दिले, त्यात टेबलावरच्या वस्तू भरून आम्ही निघालो. एप्रिलअखेर क्रायसलर आणि १ जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. राज्यातली बेकारी चौदा टक्क्यांच्या आसपास. आमच्या गल्लीत चार घरांवर विक्रीच्या पाट्या. आमच्या घराची किंमत कर्जाच्या खाली गेलेली, त्यामुळे विकायचीसुद्धा सोय नाही. मुलगी सात वर्षांची. पुण्याहून वडिलांचा दर रविवारी फोन. "परत ये, इथं काहीतरी बघू." बायको काही म्हणायची नाही, पण रात्री पुण्यातल्या शाळांची माहिती बघत बसलेली दिसायची.

ऑगस्टात एका संध्याकाळी फोन वाजला. फोरमन. तो २००७ सालीच निवृत्त झाला होता. निवृत्तिवेतनाचं पुढे काय होणार याची धास्ती त्यालाही होती, पण त्याबद्दल तो अक्षर बोलला नाही. म्हणाला, "तुझी चिठ्ठी आली नाही." मला राग आला. मी म्हटलं, अरे बाबा, इथे घर राहतंय की जातंय कळत नाही आणि तू लायन्सचं काय घेऊन बसलास? तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सध्या ते शून्य-शून्यवर आहेत. तेवढं बघ." मी चिडूनच ४ म्हटलं. त्यानं लिहून घेतलं.

त्या वर्षी लायन्सनी दोन जिंकले. पहिला २७ सप्टेंबरला, वॉशिंग्टनविरुद्ध १९-१४. लागोपाठ एकोणीस पराभवांनंतरचा विजय. मी घरी जुन्या टीव्हीसमोर उभा होतो. बसायचं सुचलंच नव्हतं. पुढच्या वसंतात मला काम मिळालं, पगार कमी, पण मिळालं. परत गेलो नाही. बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. वडील २०१३ साली गेले आणि मी दोन दिवस उशिरा पोचलो. तेव्हा लायन्समुळे थांबलो असं काही म्हणणार नाही, तसं नव्हतंच. पण त्या एका संध्याकाळी, सहा महिन्यांत पहिल्यांदा, मी पुढच्या डिसेंबराचा विचार केला होता.

पुढची वर्षं भराभर सांगतो. दहा-पंधरा चिठ्ठ्यांवर ७, ८, ९ असेच आकडे. २००९ साली आलेला मॅथ्यू स्टॅफर्ड बारा हंगाम राबला, प्लेऑफचा एकही सामना जिंकला नाही. २०२१ साली त्याला लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडे दिलं, आणि त्यानं पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. बदल्यात जॅरेड गॉफ आला, त्यांच्याकडचा नकोसा झालेला. नवे प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल. पहिल्या वर्षी तीन विजय. २०२२ साली पहिल्या सातांत एकच विजय, आणि मग चाक फिरलं. शेवटचा सामना ग्रीन बेला त्यांच्याच घरी २०-१६ असा जिंकून हंगाम ९-८वर संपला. प्लेऑफ हुकलं, तरी मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे नेले.

२०२४च्या जानेवारीत, बत्तीस वर्षांनी, प्लेऑफमधला विजय मिळाला. समोर रॅम्स, म्हणजे आपलाच स्टॅफर्ड. २४-२३. पुढच्या आठवड्यात टँपा बे. आणि मग सॅन फ्रान्सिस्को, जिंकलं तर थेट सुपर बोल. मध्यंतराला लायन्स २४-७ असे पुढे. मी आनंदानं फोरमनला फोन लावला. मागे टीव्हीचा आवाज ऐकू येत होता. तो एवढंच म्हणाला, "सत्तावन्नला आम्ही याच आकड्यानं मागे होतो." मला त्याचा अर्थ कळायला अर्धा तास लागला. ३४-३१, हरलो.

आता मला जे म्हणायचंय ते. २०२४च्या हंगामात लायन्सनी सतरापैकी पंधरा जिंकले. मी ते पंधरा सामने जीव मुठीत धरून बघितले. दर विजयानंतर "चला, एक संकट टळलं" एवढंच वाटायचं. प्लेऑफमध्ये घरच्या मैदानावर वॉशिंग्टननं ४५-३१ असं उडवलं तेव्हा आठवडाभर कोणाशी बोललो नाही. २०२५ला मी १३ लिहिले. लायन्सनी ९ जिंकले, ८ हरले, प्लेऑफ हुकलं.

चिठ्ठ्या लावताना २०२२ आणि २०२५ शेजारी आल्यावर लक्षात आलं. दोन्ही वर्षी ९-८. दोन्ही वर्षी प्लेऑफ नाही. एकदा मी पेढे वाटले आणि एकदा घरात सुतक असल्यासारखा बसलो. मैदानावर तोच निकाल लागला होता. फरक माझ्या चिठ्ठीत होता. २०२२ला मी ६ लिहिले होते. ती आशा होती, म्हणून जे मिळालं ते जास्तीचं वाटलं. २०२५ला लिहिली ती अपेक्षा, आणि अपेक्षा म्हणजे उधारीच. पुरी झाली तर आनंद नाही, आपलंच आपल्याला परत मिळालं. नाही झाली तर कोणीतरी बुडवलं. आणि गंमत म्हणजे दोन्ही ऑगस्टांत मला आपण तेच करतोय असं वाटत होतं.

तर २०२६. कागदावरचं सांगतो. २०२५ला नऊ जिंकूनही लायन्स आपल्या चौघांच्या विभागात शेवटचे आले, आणि शेवटचं येण्याचा एक फायदा असतो. सतरापैकी तीन सामने गेल्या वर्षीच्या क्रमांकावरून ठरतात, म्हणजे त्या तीन सामन्यांत इतर विभागांतले शेवटचेच समोर. त्याच वेळी स्वतःच्या विभागातले सहा सामने सोपे नाहीत. शिकागोनं २०२५ला विभाग जिंकला तो बेन जॉन्सन यांच्या हाताखाली. २०२५च्या जानेवारीपर्यंत लायन्सची चढाई आखणारे तेच होते, म्हणजे आपल्या घरातली कपाटं त्यांना पाठ. आणि गेल्या काही वर्षांत हा संघ उभा राहिला तो हचिन्सन, सूएल, सेंट ब्राऊन अशा आपणच निवडून वाढवलेल्या पोरांवर. हचिन्सन तर इथलाच, मिशिगनमध्येच वाढलेला. या सगळ्याची बेरीज किती होते? १९५७च्या ऑगस्टात बेरीज शून्य होती आणि २००८च्या ऑगस्टात भरगच्च. तेव्हा बेरजेचं जाऊ द्या.

फोरमन आता एक्क्याऐंशीचा आहे. हात थरथरतो, म्हणून त्याची चिठ्ठीही फोनवर ऐकून मीच लिहितो. डबी आता माझ्याकडे असते. त्याच्या जुन्या चिठ्ठ्याही तीत आहेत. त्या मी कधी नीट बघितल्या नव्हत्या, परवा बघितल्या. २००८ची चिठ्ठी ७. शून्यावरून आलेल्या २००९चीही ७. पंधरा जिंकल्यानंतरच्या २०२५चीही ७. सत्तावीस वर्षं हा माणूस एकच आकडा लिहितोय आणि दरवर्षी विचार करून, पेन चावून लिहितोय!

आज संध्याकाळी त्याचा फोन यायचाय. आधी माझा आकडा विचारेल, स्वतःचा मागून सांगेल. बायकोनं चहाबरोबर सकाळीच विचारलंय. गेल्या वर्षी मी तिला १३ सांगितलं होतं, तेव्हा ती "बरं" म्हणाली होती. आज ८ म्हटलं तर हसली आणि म्हणाली, "म्हणजे पेढे आणायचे का?"

बघूया. सध्या शून्य-शून्य आहे.